फौजीचं हसू

बिल मॉल्डिन या अमेरिकन व्यंगचित्रकाराची दुसऱ्या महायुद्धातली चित्रं हाती लागली तर जरूर पाहा. हा स्वतः शिपाई, इटलीच्या आघाडीवर होता. त्याचे विली आणि जो कधी शूरवीर वाटतच नाहीत. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, पाय चिखलात. एका चित्रात घोडदळातला जुना सार्जंट मोडक्या जीपला गोळी घालतोय, जायबंदी घोड्याला घालावी तशी, आणि दुसऱ्या हातानं डोळे झाकलेत!

हे छापायचा कोण, तर सैन्याचाच पेपर, 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'. असल्या गबाळ्या शिपायांमुळे शिस्त बिघडते म्हणून जनरल पॅटननं १९४५ मध्ये मॉल्डिनला समोर बसवून झापलं. चित्रं काही थांबली नाहीत. त्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, त्याला पुलित्झर मिळालं.

आता बघा, त्याच इटलीत आपले मराठेही लढत होते. यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. एवढं आपण अभिमानानं सांगतो. पण ती पोरं खंदकात हसली कशावर? लंगरच्या आचाऱ्याला काय नाव ठेवलं होतं? घरचं पत्र कोण वाचून दाखवायचं, आणि वाचताना पदरचं काय घालायचं? हे काढून ठेवणारा मॉल्डिन त्यांच्या वाट्याला आला नाही.

आणि मला वाटतं, आपल्याला तो नकोच असतो. आपला फौजी फ्लेक्सवर छाती काढून उभा हवा, नाहीतर तिरंग्यात. मधला, कंटाळलेला, रजेसाठी तळमळणारा चालत नाही. आमच्या नात्यातला एक जण सुट्टीवर चाळीसगावला आला की ओटा दणाणून सोडतो. ‘वरनमा दाय दखाले दुर्बीण लागस, भो!’ सगळे हसतात. मग हळूच म्हणतो, हे कुठे लिहू नको बरं.

त्याचं तरी काय चुकलं? २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं करपलेली पोळी आणि पाणीदार वरण व्हिडिओत दाखवलं, काही महिन्यांत तो बडतर्फ झाला. शिस्त मोडली हे कबूल. पण हेच सैन्याच्या पेपरात चित्र म्हणून आलं असतं तर साहेबही हसले असते आणि आचारीही बदलला असता.

असो. वरचं वाक्य कोणाचं हे नातेवाईकांनी ओळखलं असेलच. कमेंटमध्ये नाव टाकू नका, त्याला अजून नोकरी करायची आहे.