लेकरू तोंडाकडं बघतंय, आपण मोबाईलकडं

परवा लसीकरणाच्या दिवशी गेलो होतो. पाच-सहा बाया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. निम्म्यांच्या हातात मोबाईल. एक लेकरू दूध पिता पिता सारखं आईच्या तोंडाकडं बघत होतं, आई रील बघत होती. शेजारची आजी म्हणाली, "आजकालच्या पोरींना लेकरापेक्षा मोबाईल लाडका."

मी बाहेर आलो. त्याच लेकराचा बाप मोटारसायकलवर बसून मोबाईलच बघत होता. त्याला कुणी काही बोललं नाही! दोष द्यायला सून बरी सापडते.

बापाचं मी कशाला सांगू, माझंच सांगतो. 2019 च्या लोकसभा निकालाचा दिवस. धाकटी लेक दहा महिन्यांची, मांडीवर. मी ग्रुपवर आकडे टाकतोय. तिनं दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं. मला वाटलं मोबाईल पाहिजे, म्हणून गाणं लावून हातात दिला. तिनं फेकून दिला अन् परत हनुवटी धरली. तेव्हा मला राग आला होता. आज आठवलं की लाज वाटते.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. आईनं बाळाशी खेळायचं, मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. काहीच उपयोग झाला नाही की तोंड फिरवतं, रडतं. मोबाईल बघणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा आरशात बघा, तसाच असतो.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 लाच सांगितलंय. पण आपल्या हातातल्या स्क्रीनचं काय?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्रकार एकतर्फी लिहितो म्हणाल. आपला आष्टी तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की कोयता निघतो, कितीतरी लेकरं आजी-आजोबांकडं राहतात. फडावरून रात्री व्हिडिओ कॉल येतो, तेवढंच आईचं तोंड दिसतं. त्या आईच्या मोबाईलला मी नाव ठेवणार नाही. तिला लेकरू स्क्रीनवरच भेटतं. आपल्या तर मांडीवर आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. पोरांच्या अभ्यासासाठी, पण बंद मोठ्यांनीही करायचा. कड्यात का नको? येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पाठिंबा देणाऱ्यांनी नुसता अंगठा दाखवू नका, ग्रामसभेला या.

तोवर माझ्यापुरतं ठरवलंय. सात ते साडेआठ फोन बंद. अपघात-बिपघात असेल तर घरी येऊन हाक मारा, बाकी बातम्या साडेआठनंतर.