मक्याच्या इंधनाचा ताळेबंद

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाविरुद्ध बोलणे हल्ली अप्रशस्त मानले जाते. तेलाची आयात घटते, परकीय चलन वाचते, शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि वर हवाही स्वच्छ राहते! जमेची बाजू एवढी भरगच्च दिसली की, बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाची नजर आपोआप नावेच्या बाजूकडे वळते.

वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट मूळचे २०३० सालचे. ते आपण २०२५ मध्येच गाठले. ही घाई ऊसाला झेपली नाही. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली, साखर कमी पडण्याची चिन्हे दिसू लागली आणि डिसेंबरात सरकारने ऊसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. मग मक्याला पुढे करण्यात आले. त्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला आणि पाहता पाहता मका पहिल्या क्रमांकाचा कच्चा माल झाला.

परिणाम काय? एरवी मका निर्यात करणाऱ्या या देशाने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणला. परकीय चलन वाचवण्यासाठी आखलेल्या योजनेपायी परकीय चलन मोजण्याची ही पाळी! कोंबड्यांचे खाद्य महागल्याची पोल्ट्रीवाल्यांची तक्रार आहे. भट्टीतून उरणारा चोथा पशुखाद्य म्हणून परत येतो, हे खरे. पण तो स्वस्त चोथा सोयाबीनच्या पेंडीची गिऱ्हाइके पळवतो. म्हणजे मका पिकवणाऱ्याच्या खिशात पडलेला रुपया काही अंशी लातूरच्या सोयाबीनवाल्याच्या खिशातून आलेला असतो.

वाहनधारकाचे काय? लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या बनावटीच्या मोटारींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात नमूद आहे. दर मात्र तेवढ्या प्रमाणात उतरलेला नाही आणि बहुतेक पंपांवर दुसरे साधे पेट्रोल मागण्याची सोयही नाही.

अमेरिका या वाटेने आपल्या आधी गेली. तेथे २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी मिश्रण सक्तीचे केले. आज तेथील मक्याच्या पिकाचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. जास्तीची जमीन नांगराखाली आली, खतांचा वापर वाढला. हे सारे हिशेबात धरता मक्याचे इथेनॉल हवेच्या दृष्टीने पेट्रोलपेक्षा सरस नाही, उलट अधिक घातक असण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तेथील एका अभ्यासाने काढला. त्यावर वाद झाले, होत आहेत. पण आयोवासारख्या मक्याच्या राज्यात मते मागायला गेलेला उमेदवार इथेनॉलविरुद्ध तोंड उघडत नाही. एकदा उभा राहिलेला उद्योग स्वतःचे समर्थन स्वतःच निर्माण करतो, तो असा.

खरा धोका येथेच आहे. २०१८ पासून केंद्राने इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलला. कारखाने भराभर उभे राहिले. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १०५० कोटी लिटर मागितले, तर देकार आले १७७६ कोटी लिटरचे. हे जादा कारखाने बंद पडले तर कर्जे थकतील. म्हणून मिश्रणाचे प्रमाण आणखी वाढवा, अशी मागणी होणारच. मग धोरण ठरवणार कोण? देशाची गरज, की थकबाकीची भीती?

म्हणून वीस टक्क्यांवर तूर्त थांबावे. पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल मिळावे आणि ज्याला वीस टक्क्यांचे चालते त्याला ते स्वस्त द्यावे. ज्या वर्षी मका आयात करावा लागेल, त्या वर्षी भट्टीचा वाटा आधी कापावा. शेतकऱ्याला चांगला भाव मिळालाच पाहिजे. पण तो देताना ताटातले धान्य टाकीत किती ओतायचे, याची मर्यादा आजच, नवी कर्जे मंजूर होण्यापूर्वी, ठरलेली बरी.