किल्लारी : दोष एकट्या निसर्गाचा नव्हे

१. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२, मृत्यू सुमारे ८ ते १० हजार.

२. १७ जानेवारी १९९४. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात, तेव्हाही पहाटेच, ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मोजपट्टीवरचा हा अर्ध्या अंकाचा फरक ऊर्जेत सुमारे साडेपाच पट भरतो. वस्ती लाखोंची होती. मृत्यू मात्र साठच्या आसपास.

३. तरीही किल्लारीचा विषय निघताच ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकले जातात. वरवर सांत्वनाचे वाटणारे हे शब्द प्रत्यक्षात जबाबदारीवर पांघरूण घालतात.

४. किल्लारीचा भूकंप उथळ होता, म्हणून हादरा तीव्र बसला, हा आक्षेप खरा आहे. पण अपुरा आहे. त्याच गावांतील गवती छपरांच्या हलक्या झोपड्या बऱ्याच अंशी तगल्या आणि जाड दगडी भिंतींची घरे ढासळली. जमीन तीच, हादराही तोच; वेगळे होते ते बांधकाम.

५. वस्तुमान जितके अधिक, तितका भूकंपाचा जोर अधिक. माळवदावर मातीचे जाड थर, खाली मातीत रचलेले ओबडधोबड दगड. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर जोडणारे आरपार दगड बहुधा नसत. हादऱ्यासरशी पदर सुटले आणि दगडमातीचा ढीग निजलेल्या माणसांवर आला.

६. म्हणून बांधणाऱ्यांना अडाणी ठरवणे हा दुसरा अन्याय होय. दगड जवळ होता, लाकूड दुर्मीळ होते आणि जाड भिंत उन्हाळा सुसह्य करीत असे. धोका त्यांना सांगितला कोणी? सरकारी भूकंपप्रवण नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात धक्के जाणवले, तरी घरे तशीच राहिली.

७. कॅलिफोर्नियाही उपजत शहाणा नव्हता. १९३३च्या लाँग बीच भूकंपात शाळा कोसळल्या, तेव्हा महिन्याभरात शाळांच्या बांधकामाचा कायदा झाला. १९७१च्या भूकंपात रुग्णालये पडली, तेव्हा त्यांचे नियम कडक झाले. प्रत्येक ढिगाऱ्याचे रूपांतर तेथे नियमात झाले आणि नियमांची अंमलबजावणी झाली. १९९४ मध्ये माणसे वाचली त्याचे मोठे श्रेय याला आहे.

८. २००२ मध्ये भारताच्या नकाशातून पहिला विभागच वगळण्यात आला आणि लातूर तिसऱ्या विभागात गेले. परंतु नकाशा भिंत सावरत नाही. मराठवाड्यात दगडमातीची माळवदाची घरे आजही उभी आहेत. छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधणे, हे उपाय ठाऊक आहेत आणि गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. ते घरोघरी पोहोचवणे हे शासनाचे काम आहे. ते टळले, तर पुढील मृत्यूंचा दोष निसर्गाच्या माथी मारता येणार नाही.