पिकअपचं ऑइल घरच्या घरी

मैत्रिणींनो, दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. वर्षाचं पोट जिच्यावर चालतं तिची पूजा करावीच. पण बॉनेटवर हार घालताना आत काय चाललंय हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं? ‘ते यांचं खातं’ म्हणून आपण बाजूला होतो. बिल मात्र दोघांच्या संसारातून जातं!

आमच्या कोराडीत कितीतरी घरं पिकअपवर चालतात. कुणाची भाजी पहाटे नागपूरला कळमन्याच्या बाजारात जाते, कुणाचं दूध, कुणाचं मंडपाचं सामान. आश्विनात जगदंबेच्या नवरात्राची गर्दी सुरू झाली की गाडीला श्वास घ्यायला सवड नसते. बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो आणि गाडी उभी आहे म्हणून तो थांबत नाही. इंजिन जाम झालं तर दुरुस्तीचा खर्च मुलांच्या फीमधून निघतो, नाहीतर आपल्या गळ्यातल्यातून. आणि इंजिन जाम होण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे वेळेवर न बदललेलं ऑइल. म्हणून या आठवड्यात लोणची-मुरंबे बाजूला ठेवून हा विषय घेतलाय. आमच्या घरी हे काम आम्ही दोघं मिळून करतो. दोन तासांचं काम आहे आणि स्वयंपाक येणाऱ्या बाईला यात अवघड असं काही नाही.

आधी थोडं समजून घेऊ

ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नाही. ते घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पडदा धरतं, इंजिनच्या आतली उष्णता वाहून नेतं आणि काजळी, धातूचा बारीक कीस पोटात घेऊन फिल्टरपर्यंत पोचवतं. म्हणजे तेल, पाणी आणि झाडू, तिन्ही तेच. फिल्टर म्हणजे त्याची गाळणी. गाळणी तुंबली तर चहा जसा कडेने सांडतो, तसं तुंबलेल्या फिल्टरला वळसा घालून न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरत राहतं. म्हणून ऑइल बदलताना फिल्टरही बदलायचाच. त्यात काटकसर नको.

डिझेल गाडीचं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. त्याला घाबरू नका, काजळी उचलतंय याचीच ती खूण आहे. रंगावरून निर्णय घ्यायचा नाही. किलोमीटर आणि महिने, यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. त्याच पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा एक परिच्छेद असतो, तो जरूर वाचा. धूळ, पूर्ण भार, कडक ऊन, सारखं थांबणं-निघणं, अशा गाडीला ऑइल लवकर बदला असं तिथे लिहिलेलं असतं. आता आपणच बघा. कोळशाच्या ट्रकांचे रस्ते, राखेची धूळ आणि मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणारा पारा. आपल्याकडची गाडी कठीण वापरातलीच म्हणायची.

कोणतं ऑइल? डब्यावर 15डब्ल्यू-40 असं काही लिहिलेलं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना? तसं ऑइल थंडीत किती वाहतं ते पहिला आकडा सांगतो, आणि इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते दुसरा. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. ज्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, त्यांना जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल लागतं. साधं ऑइल घातलं तर जाळी तुंबते आणि तिचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट येतो. म्हणून दुकानदाराला ‘द्या कुठलंही’ म्हणू नका. पुस्तिकेतली ओळ कागदावर उतरवून न्या.

साहित्य

पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल, पुस्तिकेत सांगितलं तेवढं. नवा फिल्टर. ड्रेन बोल्टचं नवं वायसर. मापाचा रिंग पाना. फिल्टर खोलायचा पट्टा किंवा पाना. रुंद घमेलं, यात सगळं ऑइल मावलं पाहिजे. नरसाळं, जुन्या सुती चिंध्या, रबरी हातमोजे, थोडा लाकडाचा भुसा. चाकांना लावायला दोन मोठे दगड. घमेलं आणि नरसाळं या कामासाठी कायमचं वेगळं ठेवा, पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

कृती

1. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. पिकअप उंच असते, बहुतेक वेळा जॅकशिवाय हात पोचतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅक घसरतो आणि माणूस जातो. मुलांना त्या वेळी शेजारी खेळायला पाठवा.

2. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट झालं की चांगलं वाहतं आणि तळाचा गाळही बरोबर येतो. लांबून आलेली गाडी असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा, उकळतं ऑइल हात भाजतं.

3. वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा. खाली घमेलं सरकवा. इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवा. ऑइल आधी तिरकं उडतं, मग सरळ पडतं, तेव्हा घमेलं थोडं पुढे धरा. गिअरबॉक्सलाही असाच बोल्ट असतो, तो खोलू नये म्हणून पुस्तिकेतलं चित्र आधी पाहून ठेवा.

4. पंधरा-वीस मिनिटं थेंब थेंब निथळू द्या. तोवर पडलेल्या ऑइलकडे नीट पाहा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरतंय. चकाकणारे कण दिसले तर आतला एखादा भाग झिजतोय. अशा वेळी नवं ऑइल घालून गाडी कामावर धाडू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. गॅरेजमध्ये हे ऑइल आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. घरी काम करण्याचा हा खरा फायदा, मजुरी वाचते तो त्याच्या नंतरचा.

5. नवं वायसर घालून बोल्ट आधी हाताने आट्यात बसवा, मग पान्याने आवळा. जोर दाखवायचा नाही. आटे गेले तर तळाचं भांडंच बदलावं लागतं.

6. आता फिल्टर. घमेलं त्याच्या खाली घ्या, तो ऑइलने भरलेला असतो. काढल्यावर जुनी रबरी चकती त्याच्याबरोबर आली का ते पाहा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी बसली, तर गाडी सुरू होताच ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. जागा चिंधीने पुसा. नव्या चकतीला बोटाने नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि चकती टेकल्यावर आणखी साधारण पाऊण वेढा. पाना लावायचा नाही. काही गाड्यांत डब्याऐवजी आत कागदी फिल्टर असतो. तिथे पुस्तिकेप्रमाणे झाकणाची रबरी कडी बदला.

7. नरसाळ्याने नवं ऑइल घाला, पण सगळं एकदम नाही. अर्धा-पाऊण लिटर हाताशी ठेवा. झाकण लावून इंजिन सुरू करा, रेस करू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करा. दिवा विझला की मिनिटभर चालू देऊन बोल्ट आणि फिल्टरखाली गळती आहे का ते पाहा.

8. बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. पातळी वरच्या खुणेच्या जवळ हवी, वर नको. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि इंजिनला तेही बाधतं. कमी असेल तर हाताशी ठेवलेल्यातून थोडं थोडं घाला.

शेवटी वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव लिहा, बिल त्यात चिकटवा. दर आठवड्याला डिपस्टिक पाहायचं काम आपल्याकडे घ्या. पातळी उतरत असेल तर गळती, आणि बीएस-6 गाडीत आपोआप वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. दोन्ही वेळेला मिस्त्री गाठायचा. गाडी वॉरंटीत असेल तोवर मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

जुन्या ऑइलचं काय?

इथे माझं जरा कळकळीचं सांगणं आहे. जुनं ऑइल गटारात ओतू नका, मातीत जिरवू नका, वाळवीसाठी दाराला फासू नका, चुलीत तर नकोच नको. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा की एका गाडीच्या एका वेळच्या ऑइलने 10 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर पाणी नासू शकतं. कोराडीकरांना नदी नासणं म्हणजे काय ते सांगायला नको. जुलै 2022 मध्ये खसाऱ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत, पुढे नदीत गेली. तेव्हा आपण सगळे बोललो, आणि बोलायलाच हवं होतं. मग आपल्या दारातलं पाच-सहा लिटर आपण कुठे ओततो, त्याचा हिशेबही आपणच द्यायचा. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच ते भरा, वर ठळक ‘वापरलेले’ लिहा आणि जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. आधी विचारून खात्री करा. जुना फिल्टरही रात्रभर निथळून तिथेच द्या. उरलेला रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी कापा आणि लेबल फाडा. अखंड डब्यांत बनावट ऑइल भरून विकतात, ते उद्या आपल्याच इंजिनात यायचं!

हात आणि कपडे

जुनं ऑइल वारंवार कातडीला लागणं कर्करोगाला आमंत्रण आहे, म्हणून मोजे घालाच. तरी लागलंच तर चमचाभर गोडेतेल आणि साखर हातांवर चोळा, मग साबण. जमिनीवर सांडलं तर भुसा टाकून तासाभराने झाडून घ्या. कपड्यावरच्या डागाला टाल्कम पावडर लावून ठेवा, झटका आणि मग भांड्याच्या साबणाने चोळून धुवा. ऑइलच्या चिंध्यांचा ढीग उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका.

शाळेत अर्धवेळ शिकवताना मी पाहते, मुली प्रश्न विचारायला घाबरत नाहीत, कुणी ‘तुला काय करायचंय’ म्हटलं की गप्प होतात. घरातही तसंच असतं. पहिल्या वेळी यजमान हसतील, दीर म्हणतील, ‘वहिनी, तुम्ही राहू द्या.’ हसू द्या. घमेलं धरा, डिपस्टिक पाहा, वही आपल्या हाती ठेवा. पुढच्या वेळी गॅरेजमधून बिल येईल तेव्हा ‘हा फिल्टर खरंच बदलला का?’ असं विचारणारं घरात कुणीतरी असेल. आणि गाडीच्या कर्जावर आपलीही सही असते, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्कच आहे.