‘सिरीयस आहे’ म्हणजे नेमकं काय?

नरखेड तालुक्यात घरातलं माणूस फार आजारी पडलं की वाट ठरलेली. आधी गावातला दवाखाना, मग काटोल, मग नागपूर. मोवाडहून निघा की जलालखेड्याहून, मेडिकल, मेयो किंवा एखादं खासगी आयसीयू गाठेपर्यंत जीव टांगणीला. तिथं पोचल्यावर ऐकू येतं, ‘‘सिरीयस आहे, ७२ तास जाऊ द्या.’’ त्या ७२ तासांनंतर काय, हे विचारायची हिंमत होत नाही.

बायकांच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. डॉक्टर बोलतात ते दिराशी, जावयाशी, नाहीतर गावातल्या ‘ओळखीच्या’ माणसाशी. बाहेर चटई टाकून रात्र काढणारी बायको विचारते, ‘‘काय म्हनलं जी डॉक्टरनं?’’ उत्तर येतं, ‘‘तू नको काळजी करू.’’ इकडे झाडावरचा संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात जातो, अंगावरचं सोनं गहाण पडतं. सोनं तिचं, पण माहिती तिला नाही! मला हे अजिबात पटत नाही.

डॉक्टरांच्या वागणुकीविषयीच्या २००२ सालच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की रोग्याच्या प्रकृतीचं गांभीर्य फुगवूनही सांगू नये आणि लपवूही नये. नातेवाइकांना पुरेशी कल्पना द्यावी. आता डॉक्टरही धास्तावलेले असतात. एकाच्या अंगावर ढीगभर पेशंट, त्यात दवाखान्यांची तोडफोड आपण वाचतोच. मोघम बोललं की सुटका, असं त्यांना वाटत असेल. पण मैत्रिणींनो, आपला प्रश्नही मोघमच असतो. ‘‘वाचतील ना?’’ याला कोण काय सांगणार? त्याऐवजी विचारा, कालपेक्षा आज काय बदललं? व्हेंटिलेटर किती दिवस ठेवून पाहायचा, आणि तोवर फरक नाही पडला तर? वाचले तर माणसं ओळखतील का, हातानं जेवतील का? असे दहा पेशंट आले तर घरी किती जातात? ‘आत्ताच सांगता येत नाही’ हेही उत्तर आहे, पण मग कधी सांगता येईल, तो दिवस विचारून घ्या.

डॉक्टरांना भेटायची वेळ नर्सबाईंकडून ठरवून घ्या. बोलायला एकच जण ठेवा, पण सोबत तुम्ही जाच. वहीत लिहा आणि निघताना आपल्या शब्दांत परत सांगा, ‘‘म्हणजे डॉक्टरसाहेब, मी असं समजू का…’’ अर्धे गैरसमज तिथंच मिटतात.

दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असेल तर कागद लागतात. मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यावेत, हेही त्याच नियमांत आहे. (हे ७२ तास मात्र आपले!) आणि आता आशा नाही असं कळलंच, तर विचारणं थांबवू नका. वेदना आणि धाप कमी करायला काय देता येईल? घरी नेलं तर ते औषध कोण देईल? रात्री त्रास वाढला तर नरखेडहून फोन कोणाला करायचा?