पंखे मोजता, मग धुराडी कोण मोजणार?

अमेरिकेत फाटकापाशी तासन् तास उभं राहून मालगाड्या बघणाऱ्यांची एक जमात आहे. मीही त्यातलाच. या जमातीत नव्याने आलेल्याला आधी एक मंत्र दिला जातो: मागच्या टोकाला छतावर तीन पंखे दिसले तर जीपी ४०-२, दोन दिसले तर जीपी ३८-२. या मंत्राचा मला मनापासून राग आहे. खोटा आहे म्हणून नव्हे. निव्वळ घोकंपट्टी आहे म्हणून.

दोन्ही मॉडेलं ईएमडीची, दोन्ही १९७२ ची, दिसायला जुळी. दोघांच्या पोटात ६४५ जातीचं सोळा सिलिंडरचं इंजिन. तरी ३८ ची ताकद २००० अश्वशक्ती आणि ४० ची ३०००. वरचे हजार आले कुठून? टर्बोचार्जरमुळे. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त उष्णता. ती बाहेर टाकायला रेडिएटरला तिसरा पंखा. झालं! एवढं सांगितल्यावर पाठ करायला उरतं काय?

न सांगितल्यामुळे माणूस फसतो. मीच फसलो होतो. बऱ्याच लोकोंच्या छताच्या मधोमध आणखी एक पंखा असतो. उतारावर गाडी आवरताना मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि ती वीज ज्या जाळ्यांत उष्णता होऊन जाते, त्या जाळ्या हा पंखा थंड करतो. मी तोही हिशेबात धरून तीन मोजले आणि ३८ ला छातीठोकपणे ४० म्हणालो. शेजारच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "धुराडी किती?" दोन होती. टर्बो असला की सगळा धूर एकाच टर्बाइनमधून जातो, म्हणून धुराडं एक. ३८ मध्ये हवा इंजिनाने फिरवलेला ब्लोअर ढकलतो, धूर सरळ दोन धुराड्यांतून वर जातो. (पीएचडी होती बरं का माझी तेव्हा!)

आता जीपी ३९-२ घ्या. पंखे दोन, धुराडं एक. मंत्रवाल्यांची पंचाईत. कारण ठाऊक असलेला म्हणेल, टर्बो आहे पण इंजिन लहान असावं. बरोबर: सिलिंडर बारा, अश्वशक्ती २३००. आणि जुन्या ४० चा टर्बो काढून टाकलेला असेल, तर वर तीन पंखे तसेच, पण आतली ताकद ३८ ची! मंत्र इथे साफ खोटं बोलतो.

साधी ३८ आणि ३८-२ यांतला फरक मात्र पाठच करावा लागतो, हे कबूल. ३८-२ च्या लांब हूडवर उजवीकडे पाण्याची पातळी दाखवणारी छोटी काच असते. पण म्हणून सगळंच पाठ करायचं?

आपल्याकडे लोकोच्या अंगावरच डब्ल्यूडीएम-३ए असं रंगवतात, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडत नाही. यांतल्या कित्येक आधी २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ होत्या, बदल करून ३१०० च्या झाल्या. अंग तेच, नाव नवं. स्टेशनात अशी एखादी दिसली, तर रंगवलेल्या अक्षरांवर हात ठेवून सोबतच्या पोराला विचारून बघा, वरचे पाचशे आले कुठून?