खजुराला बँडेज नसतं!

गोवा हायवेवरचं शिरढोण म्हटलं की आठवतात आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली या गावात जन्म आणि १८८३ साली पार एडनच्या तुरुंगात मृत्यू. त्यांना अरबस्तानच्या वाळूत बेड्या घालून नेलं होतं. आता याच गावची मुलं ऑफर लेटर घेऊन तिकडे जातात.

त्यातलाच माझा एक मित्र दुबईत असतो. भाड्याचा व्हिला आणि अंगणात दोन जुने, उंच खजूर. परवा त्याचा फोन आला, 'अगं, माळी म्हणतोय सगळ्या झावळ्या उडवू, झाड एकदम स्मार्ट दिसेल. उडवू का?'

म्हटलं, बाबा रे, थांब! तुझ्या घरामागच्या माडाला असं केलं तर आजी घरात घेईल का तुला?

मंडळी, माड काय, खजूर काय, खानदान एकच. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. इथे तो चान्स नाही. खोडाच्या शेंड्यात एकच कोंब. तो गेला की झाड गेलं. खोडाला जखम झाली तर ती भरूनही येत नाही. चढण्यासाठी मारलेला खिळा, ठेवलेली खाच, सगळं जन्मभर तसंच राहतं.

म्हणून छाटायचं ते फक्त पूर्ण वाळलेलं पान. पिवळं पडणारं पानसुद्धा राहू द्या. पोटॅश कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. म्हणजे ते पान झाडाचं सेव्हिंग्ज अकाउंट!

आता पाणी. खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं, असं अरब म्हणतात. पण रोज वरवर पाइप फिरवलात तर पाणी उडून जातं आणि मीठ मातीत साठतं. त्यापेक्षा रुंद आळं करून काही दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या, खोलवर मुरू द्या. खोड मात्र भिजवू नका.

आणि खरा व्हिलन म्हणजे सोंड्या भुंगा. मूळचा आपल्याच भागातला हा किडा १९८०च्या दशकात आखातात पोचला आणि तिथल्या खजुरांच्या मुळावर उठला. ताज्या जखमेच्या वासावर तो येतो, त्यामुळे छाटणी थंडीतच. खोडाला भोक, तपकिरी चिकट स्राव, चावलेला भुसा किंवा आंबूस वास आला तर त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. शेंडा कलल्यावर धावपळ करून सहसा उपयोग नसतो.

मित्राचे खजूर तूर्त वाचलेत. पण तुमच्या खारघर-पनवेलच्या सोसायटीत गेटवर पाम असतील आणि दर वर्षी त्यांचा झाडू होत असेल, तर पुढच्या मीटिंगला पार्किंगचं भांडण आटोपलं की हा विषय काढाच. ते झाड तुमच्या होम लोनपेक्षा जास्त वर्षं टिकू शकतं!